दोन्ही टाका म्हणे!

नव्या ६४-बिट विंडोज मशीनवर कर्बेरॉसचा क्लायंट टाकायचा, एवढंच काम होतं. (कर्बेरॉस म्हणजे ओळख पटवायची व्यवस्था: पासवर्ड एकदा द्यायचा, 'तिकीट' घ्यायचं, पुढे सगळीकडे तेच दाखवायचं.) ६४-बिटचा टाकला, पासवर्ड दिला, तिकीट मिळालं. आणि मेलचा प्रोग्रॅम विचारतो, तिकीट कुठाय? कारण तो जुनाट, ३२-बिटचा. ६४-बिटच्या डीएलएलला, म्हणजे क्लायंटच्या कोडच्या फायलीला, तो शिवतसुद्धा नाही, एवढं सोवळं! म्हणजे आता दोन्ही टाका.

बरं, टाकतो. तर ३२-बिटचा इन्स्टॉलर म्हणे, 'हे आधीच बसवलेलं आहे, आधी ते काढा.' अरे बाबा, तेच तर दोन्ही हवंय ना! काढलं. रीस्टार्ट. ३२ टाकलं. रीस्टार्ट. मग ६४. पुन्हा रीस्टार्ट. चार फायली जागेवर ठेवायला प्रत्येक वेळी अख्खं मशीन कशाला बंद करायचं, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

खरा कहर पुढे. क्लायंटच्या खिडकीत तिकीट ढळढळीत दिसतंय, तरी खात्रीला कमांड प्रॉम्प्टवर 'क्लिस्ट' मारलं, म्हणजे तिकिटांची यादी दाखवणारी कमांड. तिकिटं: शून्य. पुन्हा मारलं. शून्य. मग हा क्लिस्ट आहे तरी कुठला, म्हणून 'व्हेअर क्लिस्ट' केलं, तर एकाच नावाची अख्खी टोळीच बाहेर आली. पहिला, म्हणजे नुसतं नाव मारलं की चालणारा, सिस्टिमचा स्वतःचा, दुसरा जावाबरोबर घुसलेला, आणि आत्ता घाम गाळून बसवलेले माझे दोघं पार तळाला. सिस्टिमची, जावाची आणि माझ्या क्लायंटची कॅश, म्हणजे तिकिटं ठेवायचा खिसा, वेगवेगळी. तिकीट एकाच्या खिशात आणि मी झडती घेतोय भलत्याचीच!

आणि हे फोल्डर! ६४-बिटच्या फायली 'सिस्टिम३२'मध्ये आणि ३२-बिटच्या 'सिसवॉव६४'मध्ये. वाचा पुन्हा. नीट वाचलंत. डेटाबेसशी जोडणी करून देणाऱ्या ओडीबीसीचे दोन अ‍ॅडमिन, दोन्हींच्या फायलीचं नाव 'ओडीबीसीएडी३२'. जुन्या प्रोग्रॅमांचं मोडू नये म्हणून म्हणे. त्यांचं मोडत नाही हो, आमचं डोकं फिरतं!

घड्याळ पाच मिनिटांपेक्षा जास्त चुकलं की तिकीट नाही, ते एक आहेच. त्यावर तो संदेश: 'आपल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.' मीच तो! साधला संपर्क. भयंकर चिडलेला माणूस आहे, काही उपयोग झाला नाही.

शेवटी पूर्ण पाथ, म्हणजे फायलीचा अख्खा पत्ता, देऊन माझ्या क्लायंटचं क्लिस्ट चालवलं, तिकीट दिसलं, मेलही उघडली. पहिलीच मेल: क्लायंटची नवी आवृत्ती आली आहे, कृपया अपडेट करा.

डिलीट.