आठशे रुपयांची बचत

गोव्यात कुंडईच्या किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आपला लहानसा कारखाना असेल आणि काजूच्या बोंडांचा रस काढणाऱ्या आपल्या यंत्राला पेटंट मिळाले असेल, तर सर्वप्रथम त्या प्रमाणपत्राला सागवानी चौकट करून ते कार्यालयातील देव्हाऱ्याशेजारी टांगावे. दसऱ्याला यंत्रांबरोबर त्यालाही झेंडूची माळ घालावी. मात्र चौकट करणाऱ्याला सांगून तळाची टीप पुठ्ठ्याखाली दडवून घ्यावी, कारण पेटंट चालू ठेवायचे असल्यास नूतनीकरणाचे शुल्क कोणत्या तारखेला आणि पुढे दरवर्षी त्याच दिवशी देय होईल, हे तिथे उघड छापलेले असते. प्रतिष्ठित मालकाला असले तगादे शोभत नाहीत.

शुल्काचा आकडाच असा आहे की, तो तत्परतेने भरण्यात कमीपणा वाटावा. लघुउद्योगाला ऑनलाइन भरणा केल्यास तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी दरसाल ८०० रुपये, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८०० आणि शेवटची पाच वर्षे ८,००० रुपये लागतात. म्हणजे वीस वर्षांच्या संपूर्ण मुदतीचे मिळून ७६,८०० रुपये. मोठ्या कंपन्यांना याच्या पाचपट भरावे लागतात, म्हणून त्यांनी या कामाला माणसे नेमलेली असतात. आपण नेमू नयेत. २०२४ पासून किमान चार वर्षांचे शुल्क ऑनलाइन आगाऊ भरणाऱ्याला दहा टक्के सवलत मिळते, तो मोहही टाळावा; चार वर्षांची काळजी एका दुपारी मिटली, तर पुढे विसरायला उरणार काय?

मुदत चुकली तरी घाबरू नये. सहा महिन्यांपर्यंत दरमहा ४८० रुपये जास्त भरून चूक सुधारता येते, आणि ८०० रुपयांच्या शुल्कावर २,८८० रुपयांचा विलंब-आकार देणाऱ्या माणसाकडे पैशांची ददात आहे असे कोणीही म्हणणार नाही.

जबाबदारीची वाटणी करताना विशेष दक्षता घ्यावी. हिशेबनिसाने समजावे की वकील भरतो, वकिलाने समजावे की मालक कळवील, आणि मालकाने समजावे की गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात त्या अर्थी मुंबईत कोणीतरी पाहत असेलच. पत्रव्यवहारासाठी ज्याचा ईमेल दिला होता, तो मुलगा पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला गेलेला असल्यास ही व्यवस्था परिपूर्ण झाली असे मानावे. याउलट, सरकारी वाटावे असे बोधचिन्ह मिरवणारे आणि डॉलरमध्ये ‘नोंदणी शुल्क’ मागणारे अनोळखी पत्र आले, तर त्याचे पैसे त्याच दिवशी पाठवावेत. तिथे चालढकल बरी नव्हे.

एवढे केल्यावर पेटंट संपुष्टात येतेच. तरीही हुरहुर लागलीच, तर अठरा महिन्यांच्या आत फॉर्म १५ भरून पुनःस्थापनेचा अर्ज करता येतो. त्यात शुल्क हेतुतः चुकवले नव्हते आणि अर्जालाही अवाजवी उशीर केला नाही, हे पटवून द्यावे लागते; यासाठी आपण हिशेबनिसाला व्हॉट्सॲपवर पाठवलेला ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू’ हा संदेश जपून ठेवावा आणि प्रांजळपणाचा पुरावा म्हणून जोडावा.

समजा, एखाद्या दयाळू अधिकाऱ्याने पेटंट परत दिलेच, तरी ते बंद पडल्यापासून आपला अर्ज प्रसिद्ध होईपर्यंतच्या काळात झालेल्या नकलेबद्दल दावा लावता येत नाही, आणि त्या काळात आपल्या शोधावर धंदा सुरू केलेल्यांनाही कायदा संरक्षण देतो. तेव्हा मार्चमध्ये सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या भाटीवर, म्हणजे काजूची दारू गाळण्याच्या जागी, गेल्यावर तिथे आपलेच यंत्र, आपलाच स्क्रू आणि आपलीच गाळणी दुसऱ्याच्या हिरव्या रंगात रस गाळताना दिसल्यास आरडाओरडा करू नये. ते बनवणाऱ्या, आपल्याच वसाहतीत शेजारच्या शेडमधल्या उत्पादकाची चौकशी करावी, आणि जुन्या ओळखीखातर सुट्या भागांवर काही सूट देतो का, तेवढे विचारून घ्यावे.