राहतात सगळेच, पण घर कुणाचं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, घरावर बाईचंही नाव हवं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, घर कुणाच्याही नावावर असलं तरी राहतात सगळेच. पैसा पुरुष घालतो. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा 1994 पासूनच आहे आणि बहिणी स्वतःहून हक्कसोड करतात, म्हणजे आपला वाटा लिहून सोडतात. मग मी भावा-बहिणीत काडी कशाला लावते?

आधी पैशाचं. जिंतूरकडच्या आमच्या घराचा स्लॅब पडला तो आईच्या पाटल्या मोडून. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे गावातल्या घरांच्या नोंदवहीत, नाव लागलं बाबांचं एकट्याचं. त्या पाटल्या तुमच्या हिशेबात कुणाच्या खात्यावर?

1994 चं खरं आहे, आपलं राज्य केंद्राच्या 11 वर्षं पुढं होतं. पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वारसा कायद्यातल्या त्या दुरुस्तीतून वगळल्या होत्या. माझी थोरली बहीण 1990 ला सासरी गेली, म्हणजे ती बाहेरच. तिला सहदायाद, म्हणजे मुलासारखीच जन्मानं वाटेकरी, धरलं ते 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं. राहत्या घराचं तर त्याहून वाईट. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम 23 सांगायचं, की भाऊ वाटणी करायला निघेपर्यंत बहिणीनं राहत्या घराची वाटणी मागायची नाही. नुसतं राहायचा हक्क, तोही बिनलग्नाच्या, टाकलेल्या नाहीतर विधवा लेकीला. हे कलमही 2005 लाच गेलं.

हक्कसोड मीही केलीय. भावाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज, सोयाबीन पाण्यात गेलेलं. वाटा मागायला जीभच रेटली नाही. शिवाय माहेर तुटायची भीती. हा तुमचा मुद्दा मी लेखात फार घाईनं उडवला, कबूल.

पण माझ्या मामीचं बघा. मामा गेले तेव्हा घर सासऱ्यांच्या स्वकमाईचं, आणि सासरे हयात. मग मामांच्या मागं वारसनोंद कशाची करायची? माहेरचा वाटा तिनं कधीच सोडून दिलेला. लेक, सून, विधवा. तिन्ही वयांत तिला राहायला घर होतं, पण दवाखान्यासाठी गहाण टाकायला स्वतःचा एक खण नव्हता.

बाईच्या नावावर घर व्हावं म्हणून सरकारनं दिलेली मुद्रांक शुल्कातली 1 टक्का सवलत (एप्रिल 2021 पासूनची) आहे, पण ती घर विकत घेणारीला. संभाजीनगरात फ्लॅट घेणाऱ्या नोकरदार बाईला तिचा उपयोग आहेच. खेड्यात घर येतं ते वारशानं.

नमुना आठला नवऱ्याबरोबर बायकोचं नावही लावता येतं. भाऊ आता माडी चढवतोय, त्यात वहिनीच्या बचत गटाचं कर्जही आहे. परवा फोनवर विचारलं, तिचं नाव लावणार का? "बघू," म्हणाला.