चिऊताई, दार उघड

शुक्रवारी रात्री नऊला मी ऑफिसातल्या एका व्हर्च्युअल मशीनचा (संगणकाच्या पोटातला संगणकच तो) आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता बदलला. घरी बसून, एसएसएचनं, म्हणजे दुरून आज्ञा द्यायच्या सुरक्षित वाटेनं, त्याच मशीनमध्ये शिरून. एंटर मारला आणि मी बाहेर. गेटवेत, म्हणजे मशीनला बाहेर पडायच्या दाराच्या पत्त्यात, एक आकडा चुकला होता.

घाबरायचं कारण नव्हतं. मशीन ज्या होस्टवर, म्हणजे खऱ्या संगणकावर, राहतं तो ठणठणीत होता, आणि मशीनचं नेटवर्क मेलं तरी व्हीएनसीवर (दुरून पडदा दाखवणारी सोय) त्याचा पडदा दिसतो. कन्सोल असतोच त्यासाठी. होस्टचा पत्ता, व्हीएनसीच्या दाराचा नंबर म्हणजे पोर्ट ५९००, एंटर. 'कनेक्शन रिफ्यूज्ड.'

शेजारच्या खोलीत आई माझ्या लेकीला झोपवत होती. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते."

'रिफ्यूज्ड' हे तसं शुभलक्षण. मध्ये फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची राखणदार, आडवी आली तर बरेचदा उत्तरच येत नाही, टाइमआउटची वाट बघत बसायचं. इथे निदान कोणीतरी तोंडावर 'नाही' म्हणालं होतं. होस्टवर जाऊन पाहिलं, तर व्हीएनसी फक्त १२७.०.०.१ वर कान लावून बसलेला. म्हणजे घरातल्यांचंच ऐकणार, बाहेरच्यांचं नाही. सुरक्षेच्या दृष्टीनं योग्यच. शिस्त आपल्याच आड येते तेव्हा तेवढी डाचते. मग एसएसएचचा बोगदा काढला, माझ्याकडचं ५९०० तिकडच्या ५९०० ला जोडलं, आणि घरातला होऊन आत गेलो.

"थांब, माझ्या बाळाला तीट लावते."

पासवर्ड. मी सोळा अक्षरं ठोकली. व्हीएनसी पहिली आठच बघतो. उरलेली आठ माझ्या समाधानासाठी. मग पडदा आला. काळा कुळकुळीत.

पंधरा मिनिटं लॉग, म्हणजे मशीनच्या नोंदी, चाळले. ग्राफिक्सचा प्रकार बदलून बघावा म्हटलं तर मशीन बंद करावं लागणार, आणि त्यावर अकाउंट्सचं काहीतरी रात्रभर चालतं. आई पाण्याचा तांब्या घ्यायला आली. "हे काय, काळंच आहे?"

"हो ना."

"झोपलं असेल. हलव की."

मी वैतागून स्पेसबार दाबला. लॉगिन समोर.

आता पासवर्ड चुकीचा. तीनदा. पासवर्ड टाइप करताना दिसत नाही, म्हणून शेवटी तो नावाच्या जागी टाइप केला. (हे कोणाला सांगू नका, असलं लिहिलेलं लॉगमध्ये राहतं.) तर 'ॲट'च्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह! कोणा पुण्यवंतानं मशीन बसवताना कीबोर्ड ब्रिटिश निवडला होता. तिकडे ही दोन चिन्हं एकमेकांच्या कळीवर राहतात. शिफ्ट दाबून अवतरणाची कळ मारली आणि दार उघडलं. गेटवेतला ७ काढून १ घातला. दहा सेकंदांचं काम.

दहा वाजून गेले होते. लेक टक्क जागी.

"आजी, कावळ्याचं घर पावसानं वाहून गेलं ना?"

"हो गं."

"आणि बाबाचं?"

"त्याचं त्यानंच पाडलं," आई म्हणाली. "झोप आता."