शनिवारच्या ‘थंडगार’ पिझ्झ्याबद्दल, मालकाकडून

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री गल्ला मोजताना वाचला. वाढदिवसासारख्या दिवशी तुमचा विरस झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. केचप मागितल्यावर आमचा पोऱ्या हसला, हे तर चूकच. त्याला समज दिली आहे. केचप आम्ही ठेवत नाही हे खरं, पण हसायचं कारण नव्हतं.

कड जळलेली आणि मध्ये ओला, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर फार बोलत नाही. आम्ही करतो तो इटलीतल्या नेपल्सचा पिझ्झा तसाच असतो. लाकडाच्या भट्टीत साडेचारशे अंशांच्या आसपास ६० ते ९० सेकंद, बस्स. कड फुगते, तिच्यावर काळे डाग पडतात, मध्ये टोमॅटो आणि मोझरेलाचा ओलावा राहतो. तिकडे लोक काट्या-सुरीने खातात नाहीतर चार घड्या घालून. कुरकुरीत हवा असेल तर आधी सांगायचं, थोडा जास्त ठेवता येतो.

पण ‘तासभर ताटकळत ठेवून थंडगार पिझ्झा पुढ्यात टाकला’ या वाक्याने मला झोप लागली नाही. सकाळी उठून त्या रात्रीच्या केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, काढून बसलो. तुमचं बुकिंग ८ चं, चार जणांचं. आमच्याकडे खुर्च्या सगळ्या मिळून २२. बाहेर बाकावर माणसं बसलेली असताना तुमचं टेबल मी ८:२० पर्यंत रिकामं ठेवलं आणि मग नाइलाजाने दुसऱ्यांना दिलं. तुम्ही आलात ८:३० ला, सात जण. दोन टेबलं मोकळी करून, जोडून तुम्हाला बसवलं तेव्हा ८:५५ झाले होते. तुमचे एक पाहुणे यायचे होते म्हणून ऑर्डर लिहिली ९:१० ला. पहिले दोन पिझ्झे टेबलावर आले ९:२१ ला. अकरा मिनिटं! दारात पाय ठेवलात तिथून मोजलं तर जवळजवळ तास होतो, नाही म्हणत नाही.

आमच्या भट्टीत एका वेळी दोनच बसतात, त्यामुळे पाचवा यायला ९:३० झाले. तोवर पहिल्या दोन पिझ्झ्यांना कोणी हात लावायचा नाही असं तुमच्या टेबलावर ठरलं, कारण फोटोत पाचही एकत्र हवे होते. मी काउंटरमागून बघत होतो. एकदा येऊन ‘गार होतोय हो’ म्हणालोसुद्धा. तुमच्यासोबतचे गृहस्थ म्हणाले, ‘एक मिनिट.’ मी गप्प बसलो. पुण्याच्या दुकानदारांचं नाव आधीच काय कमी खराब आहे? त्यानंतर पंधरा मिनिटं गेली. हा पिझ्झा म्हणजे आमटी नव्हे, परत गरम करायला. गार झाला की कड वातड होते, तुम्ही लिहिलंय तशी, अगदी रबरासारखी.

किमतीचं म्हणाल तर मैदा आणि टोमॅटोचे डबे इटलीहून येतात, आणि मळलेलं पीठ आदल्या रात्रीपासून फुगत असतं. पावसाळ्यात ते इतकं भराभर चढतं की माझी बायको रात्री दोनला उठून बघते. ६५० रुपये आम्हालाही कमी वाटत नाहीत. पण तुमचा एक स्टार पडला आणि रविवारी दोन बुकिंगं रद्द झाली. कदाचित त्याचा संबंध नसेलही.

उकाड्याचं मात्र बरोबर आहे. भट्टीशेजारच्या टेबलाचं काहीतरी करतो. बुकिंगच्या वेळेबद्दल एक पाटी लावायचाही विचार आहे, फक्त शब्द सौम्य सुचत नाहीयेत.

पुन्हा या. मंगळवार-बुधवार गर्दी नसते. पहिली मार्गेरिटा माझ्याकडून, फक्त आल्या आल्या खा.