गाडीला काय म्हणायचं होतं

साडेआठशे रुपये आणि वर जीएसटी भरून गॅरेजमधून मला मिळालेलं ज्ञान एका ओळीचं आहे : गाडीच्या बिघाडाचा कोड, यू०१४०. म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क तुटला. तो तुटलाय हे मला आधीच ठाऊक होतं. रात्री अडीचला हॉर्न आपोआप वाजतो तेव्हा आख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं.

हे मॉड्यूल म्हणजे डॅशबोर्डमागे दडलेला एक डबा. वायपर, हॉर्न, इंडिकेटर, सेंट्रल लॉक, आतला दिवा, सगळं याच्या हुकमात. रविवारी कडक उन्हात वायपर काच पुसायला लागले, तेव्हा मी पैसे वाचवायचं ठरवलं. असे कोड मोबाइलवर दाखवणारं सहाशे रुपयांचं ब्लूटूथ यंत्र मागवलं आणि स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात खुपसायला डोकं पेडलपाशी, पाय पार्किंगमध्ये असा आडवा झालो.

"गेलात की काय?" बी विंगमधले काका. हातात दुधाची पिशवी.

"नाही काका, कोड वाचतोय."

"चष्म्याशिवाय?"

बाहेर येऊन मी मोबाइल दाखवला. त्यावर हिरव्या अक्षरांत आलं होतं : एकही दोष नाही. त्याच क्षणी वायपर एकदा फिरले. काकांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग वायपरकडे.

"हे खोटं बोलतंय."

मी समजावलं, की कोडच्या सुरुवातीला अक्षर असतं. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शन, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे या डब्यांचं आपापसातलं बोलणं. ही व्यवस्था मुळात धुराच्या नियमांसाठी आली, म्हणून स्वस्त यंत्र इंजिनाची विचारपूस करतं आणि गप्प बसतं. बाकीच्या डब्यांशी बोलायला त्या त्या कंपनीची भाषा येणारा स्कॅनर लागतो.

काका विचारात पडले. पिशवीतून दूध ठिबकत होतं, माझ्याच बॉनेटवर.

"म्हणजे आमच्या जावयासारखं. फोन करतो, बीपी विचारतो, ठेवून देतो. गुडघ्याचं कोण विचारणार?"

मग गुडघा सुरू झाला. डावा. वीस मिनिटं. उकिडवं बसता येत नाही, जिना उतरताना कट्‌ वाजतं, एक्स-रे मात्र नॉर्मल. मला काकांचा राग येत होता आणि गाडीचं दुखणं नेमकं हेच आहे, याचा त्याहून जास्त.

गॅरेजमध्ये टॅब हातात घेतलेल्या मुलाने सहा मिनिटांत कोड काढला.

"का आला?"

"ते कोड सांगत नाही, सर. कोण बोलत नाही एवढंच सांगतो."

वायर, अर्थिंग, पाणी, उंदीर, ढिलं टर्मिनल, काहीही असू शकतं म्हणाला. त्यातलं फुकट होणारं तेवढं त्याने केलं : बॅटरीचं टर्मिनल आवळलं. मग कोड पुसला आणि बिल पुढे केलं. शोधायचं काम वेगळं, त्याचे पैसे वेगळे. डॉक्टरने 'तुम्हाला ताप आहे' म्हणून थर्मामीटर झटकावा, तसं.

संध्याकाळी काका दारातच. "गेला?"

"पुसला."

"पुसला म्हणजे बरा झाला?"

मी जिना चढून वर गेलो.

रात्री पावणेतीनला हॉर्न वाजला. चावी घेऊन धावत खाली आलो, तर बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर दिवा लागला. बाल्कनीत कानटोपी.

"आला का हो कोड?"