साहेबांना सांगायचंय? जरूर सांगा!

दारू सुटून दोन वर्षं झाली, आता ऑफिसात एकदाचं सांगून टाकावं असं मनात घोळतंय? सांगा की! मी नुकताच सांगून बसलोय, तेव्हा चार गोष्टी फुकटात ऐका.

मुहूर्त मानसिक आरोग्य सप्ताहाचा धरा. त्या आठवड्यात एचआरच्या मॅडम 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणत असतात. कुटुंबात बातमी किती वेळात फिरते, ते तुम्हाला माहीत आहेच.

'कुणाला सांगू नका' असं आवर्जून म्हणा. त्याशिवाय बातमीला वजन येत नाही.

कायद्याचा अभ्यास करून जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनातून येणारे मानसिक त्रासही आजारात धरलेत. कलम २३ मध्ये गुप्ततेचा हक्कही आहे. फक्त ते कलम उपचार करणाऱ्यांना बांधतं, साहेबांना नाही. साहेब मोकळे.

आजाराचं नाव जपून निवडा. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस होतो तेव्हा रजेच्या अर्जावर मी 'कावीळ' लिहिलं होतं. टीमनं घरी मोसंबी पाठवली, वर पथ्याचे सल्ले. आता खरं काय ते सांगितलं, तर हातातला क्लायंट गेला. 'तुझ्यावर ताण नको म्हणून' हं.

आणि एकदा सांगितलंत की सर्दी होऊ देऊ नका. मला सोमवारी झाली. डोळे लाल, आवाज बसलेला. त्यात वाकडच्या पुलावर पाऊण तास अडकलो. सगळेच अडकले होते, पण उशीर फक्त माझा मोजला गेला. साहेब माझ्या खुर्चीमागे आले, स्क्रीन बघायच्या निमित्तानं खांद्यावर वाकले आणि त्यांनी श्वास घेतला. लांब. मग आणखी एक. मी काढा पिऊन आलो होतो, तेव्हा आलं-तुळशीशिवाय त्यांच्या हाती काही लागलं नसणार. मला मात्र वेलदोड्याचा वास आला. त्या वेलदोड्याखाली रविवारची रात्र होती. तो वास मला चुकत नाही, तेरा वर्षं मीही तोच वेलदोडा चघळत ऑफिसला येत होतो. तेव्हा माझा कधी कुणी वास घेतला नाही! तेव्हा दर सोमवारी माझं पोट बिघडायचं, महिन्याआड व्हायरल व्हायचा, आणि अप्रेझलला शेरा काय? 'टीममध्ये मिसळतो'. मिसळायचो ना, बिल तर मीच भरायचो! आता दोन वर्षांत एक थेंब नाही, एक दांडी नाही, तर शेरा 'ताण कितपत झेपेल, शंका'.

पार्टीला जाणं टाळू नका. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्यानं प्यायला परवाना लागतो. तो आमच्या पार्टीत कधी कुणी मागितलेला पाहिला नाही. न पिणाऱ्याला मात्र कारण द्यावं लागतं. यंदाच्या गटारीला तर, सगळं माहीत असताना, साहेबांनीच ग्लास पुढे केला, 'एकानं काय होतंय?'

काय होतंय? अहो, त्या एकानंच झालं होतं सगळं! आमच्यात दोष पहिल्या पेगला देतात, पाचव्याला नाही. तुम्हाला समजत नसेल तर विचारा, पण ग्लास कसला पुढे करता? आणि ज्यांनी ते हसून बघितलं, ती मोसंबीवाली मंडळी, तुम्हालाही काही वाटलं नाही? प्यायलेल्या माणसाला सांभाळून घेता, गाडीत घालून घरी सोडता, त्याच्या बायकोला खोटं सांगता. आणि न प्यायलेल्याचा वास घेता? लाज वाटू द्या जरा.

मला दया नको होती, रजाही नको होती. गुरुवारी आठला कोथरूडला एएची, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस गटाची, मीटिंग असते. हिंजवडीतून सहाला निघालो तरच पोचतो. म्हणून फक्त साडेसहाचा कॉल बुधवारी घ्या, एवढंच मागायला गेलो होतो. त्यासाठी खरं सांगावं लागलं.

कॉल अजून गुरुवारीच आहे. साडेसहाला.