आता काय झोपायची वेळ आहे?

आमच्या गल्लीत एक काका आहेत. रात्री अकरानंतर कुणी जरा मोठ्याने हसलं तरी खिडकी उघडून खडसावतात. तेच काका सकाळी दहाला माझ्या खिडकीखाली उभे राहून, फोन स्पीकरवर टाकून साडूशी गप्पा हाणतात. लोकांच्या लेखी रात्री असते ती झोप, दिवसा असतो तो आळस. मी रबाळे एमआयडीसीत फिरत्या शिफ्टला, त्यामुळे नाईट लागली की अख्ख्या कोपरखैरण्यात माझ्यासारखा आळशी दुसरा नाही.

शेवटी डॉक्टर गाठले. ते म्हणाले, शरीरात एक घड्याळ असतं, २०१७ सालचं वैद्यकाचं नोबेल त्याच घड्याळावरच्या संशोधनाला मिळालंय. म्हणजे झोप माझी उडते आणि नोबेल तिकडे! हे घड्याळ उजेडावर चालतं. पहाटे चार-पाचला अंगाचं तापमान सगळ्यात खाली जातं (तेव्हा पॅनेलवरचे आकडे मला जोडीने दिसतात), आणि सुटल्यावर ऊन डोळ्यांत गेलं की मेंदू म्हणतो, उजाडलं, ऊठ. म्हणून घरी येताना गॉगल लावायचा.

आता ट्रान्स हार्बरची सकाळची गाडी डोळ्यांसमोर आणा. पारसिकच्या डोंगरावर सूर्य नुकता डोकावतोय आणि दांडीला लटकलेला, दाढी वाढलेला, रिकामा डबा धरलेला मी, काळ्याभोर गॉगलमध्ये. एका आजोबांनी हळूच विचारलं, "मोतीबिंदू का?" आणि उठून जागा दिली. आता डबा विसरेन, पण गॉगल नाही.

चहाचंही तेच. कॅफिनचा निम्मा अंमल उतरायलाच पाचेक तास लागतात, म्हणून शेवटचा कप मध्यरात्रीच्या सुमारास घ्यायचा. आमच्या कँटीनचा चहा येतो पहाटे साडेचारला, आलं घालून.

फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट अशी शिफ्ट पुढे सरकली तर शरीराला सोपं जातं म्हणे. आमची नाईटवरून सेकंडला आणि सेकंडवरून फर्स्टला येते. वेळापत्रक करणारे साहेब स्वतः जनरलला असतात.

राहता राहिली खोली. ती काळोखी, गार आणि शांत हवी. काळोखासाठी जाड पडदे लावले, तर आई म्हणाली, "भरदिवसा अंधार करून बसतोस, घरात लक्ष्मी टिकेल का?" गारव्याचं पंख्यावर भागवलं. शांतता मात्र कोपरखैरण्याच्या रो-हाउसात कुठून आणायची? भिंतीला भिंत, आणि कुणी ना कुणी वर एक मजला चढवतच असतो. डोळा लागला रे लागला की लादीचं कटर सुरू. ते थांबलं की भंगारवाल्याची रेकॉर्ड. दोन्ही थांबलं की मावशीचा फोन, "झोपला होतास का रे? झोप, झोप. फक्त एवढंच विचारायचं होतं..."

मग फोन बंद करून स्वयंपाकघरात ठेवायला लागलो आणि बायकोने दारावर ठसठशीत अक्षरांत पाटी लावली: 'नाईट शिफ्ट. बेल वाजवू नये.'

गॅसवाल्याने बेल वाजवली नाही. दोन्ही हातांनी दार बडवलं.

"अहो, पाटी वाचली नाहीत का?"

"वाचली ना साहेब, म्हणून तर बेलला हात नाही लावला. ओटीपी सांगा."